डिमीटर जहाज अवकाशात न्यायचंय : ड्रॅक्युलातले नियम कुठले ठेवू, कुठले टाकू?

खर्डेघाश्या

सुमारे १२,००० शब्दांची विज्ञानकथा आखतोय. पाया ब्रॅम स्टोकरच्या ड्रॅक्युला कादंबरीतलं सातवं प्रकरण, म्हणजे डिमीटर जहाजाची नोंदवही. बल्गेरियातल्या वार्नाहून निघालेलं रशियन जहाज, पोटात रुपेरी वाळू आणि मातीच्या पन्नास पेट्या. कप्तान धरून नऊ माणसं, ती एकेक करून नाहीशी होतात आणि शेवटी सुकाणूला हात बांधलेला मेलेला कप्तान इंग्लंडातल्या व्हिटबीच्या बंदरात येतो. हाच सांगाडा पृथ्वीहून मंगळाकडे जाणाऱ्या मालवाहू यानावर चढवायचा आहे. माणसं नऊच, प्रवास साधारण २६० दिवसांचा.

अडलंय ते असं. कथा 'अवकाशातला ड्रॅक्युला' एवढीच उरू नये यासाठी मूळ कथेतलं नक्की काय उचलायचं? ऊन, क्रूस, लसूण, आरसा या सगळ्यांना शास्त्रीय कारण द्यायलाच हवं का? नऊ माणसांच्या रक्तावर एक रक्तपिपासू २६० दिवस जगेल का? आणि मराठीत त्याला म्हणायचं काय? 'व्हॅम्पायर' लिहिलं की अंगावर काटा येण्याऐवजी पोस्टर आठवतं.

जुनं कपाट

आधी मूळ पुस्तक परत वाचा, कारण आपल्या डोक्यातले निम्मे नियम सिनेमातून आलेले असतात. १८९७ च्या पुस्तकात काउंट ड्रॅक्युला उन्हाने मरत नाही. दिवसा त्याची शक्ती जाते, पण तो भर लंडनमध्ये हिंडतो. उन्हात विरून जाणं हे १९२२ च्या 'नोस्फेरातू' या मूकपटाचं देणं. शेवटही लाकडी खुंटीने होत नाही. एक कुकरी गळ्यावर फिरते, एक बोवी सुरा काळजात जातो. चावला की व्हॅम्पायर झाला, हेही पुस्तकात इतकं सरळ नाही; नायिका मीनाला त्याचं रक्त पाजलं जातं. 'चावला की झाला' हा नियम तर चुकूनही घेऊ नका. एकापासून सुरुवात करून प्रत्येकाने महिन्याला एक नवा केला, तर तेहेतिसाव्या महिन्यात आकडा ८५९ कोटींवर जातो. चावायला माणूसच उरत नाही.

दुसरं म्हणजे, ड्रॅक्युला त्याच्या काळात जुनाट कथा नव्हतीच. फोनोग्राफवरची दैनंदिनी, टंकयंत्र, लघुलिपी, तारा, कोडॅक कॅमेरा, सगळी त्या वेळची ताजी यंत्रं त्यात आहेत. त्याने चावलेल्या ल्यूसीला, मीनाच्या मैत्रिणीला, चार जणांचं रक्त चढवतात, तेही रक्तगट न बघता, कारण लँडस्टायनरचा रक्तगटांचा शोध अजून तीन-चार वर्षं लांब होता. म्हणजे जुनी गोष्ट आणि नवी यंत्रं ही जोडणी मूळ पुस्तकातच आहे, ती तुम्हाला आणावी लागत नाही. डिमीटरच्या मागेही खरी घटना आहे : ऑक्टोबर १८८५ मध्ये नार्वाचं 'दिमित्री' हे जहाज रुपेरी वाळूसकट व्हिटबीच्या किनाऱ्याला लागलं होतं. स्टोकर १८९० मध्ये तिथे राहिला आणि नार्वाची अक्षरं फिरवून त्याने वार्ना केलं.

आता कारणांचं. याचा वस्तुपाठ म्हणजे रिचर्ड मॅथेसनची 'आय ॲम लेजंड', १९५४. पोरवयात ड्रॅक्युलाचा सिनेमा बघताना त्याच्या मनात आलं की एक व्हॅम्पायर भीतिदायक असेल तर अख्खं जग तसं झालं तर? सगळी कादंबरी या एका उलटापालटीतून निघाली. त्यातला नायक नेव्हिल चक्क स्टोकरचं पुस्तक वाचतो आणि एकेक समजूत तपासायला घेतो. कारण एकच : एक जिवाणू. उन्हाने तो मरतो. लसणाची बाधितांना ॲलर्जी आहे. खुंटी काळजात मारायची ती जखम उघडी राहून हवा आत जावी म्हणून. जिवाणू अंगात हवेशिवाय जगतो, हवा लागली की उलटतो. एक कारण, तीन-चार नियम. विज्ञानकथा यालाच म्हणायचं. प्रत्येक नियमाला वेगळं कारण दिलंत तर तो खुलाशांचा ढीग होतो.

त्याहून शिकण्यासारखं म्हणजे त्याने जिवाणूवर नको तितका भार टाकला नाही. क्रूस आणि आरसा त्याने मनावर सोडले. ख्रिस्ती बाधित क्रूसाला घाबरतो. शेजारचा बेन कॉर्टमन ज्यू, त्याच्यावर क्रूस चालत नाही, ज्यूंचा धर्मग्रंथ तोरा चालतो. आणि ही सगळी माहिती व्याख्यान वाटत नाही, कारण नेव्हिल चुकत शिकतो. त्याचा पहिला सूक्ष्मदर्शकसुद्धा भंगार निघतो.

तेव्हा उचलायचं ते नियम आणि त्यांची किंमत. सामान तिथेच सोडा. झगा, वटवाघूळ, किल्ला काही लागत नाही.

प्लेटलेट

रक्ताचा हिशेब करून टाकू. मुळातच गडबड आहे.

एक लिटर रक्तात साधारण १४० ग्रॅम हिमोग्लोबिन आणि चाळीसेक ग्रॅम प्लाझ्मातली (रक्तातल्या द्रवातली) प्रथिनं. चरबी-साखर नगण्य. म्हणजे लिटरला ७५० किलोकॅलरी धरा. माणसाएवढ्या देहाला दिवसाला २,००० लागल्या तर रोज पावणेतीन लिटरच्या आसपास रक्त हवं. एका माणसात पाच लिटर, म्हणजे दोन दिवसांची सोय नाही. नऊ माणसं सतरा दिवसांत संपली. मंगळ राहिला बाजूला, अजून २४३ दिवसांचा प्रवास बाकी.

बरं, पावणेतीन लिटर रोज प्यायला तर काय होईल? पाचशे ग्रॅम प्रथिनं पचवून दिवसाला सुमारे १७० ग्रॅम युरिया तयार होतो. आपल्याकडे तो २० ते ३० ग्रॅम असतो. एवढा युरिया बाहेर टाकायला माणसाच्या मूत्रपिंडाला किमान सव्वादोन-अडीच लिटर लघवी करावी लागेल, आणि प्यायलेल्या रक्तात पाणी आहे साधारण तेवढंच किंवा थोडं कमी. म्हणजे रक्त पिणाऱ्याला तहान लागते! वर रोज सव्वा ग्रॅमहून जास्त लोह पोटात. शरीर एरवी दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम शोषतं. यकृताची वाट लागेल.

खरी रक्तभक्षी वटवाघळं हे सगळं सांभाळतात, पण कशी ते बघा. वजन ३०-४० ग्रॅम, रात्रीत २०-२५ मिली रक्त, आणि पिता पिताच लघवी सुरू, नाहीतर उडता येत नाही. लागोपाठ दोन-तीन रात्री उपाशी राहिलं तर मरतं, म्हणून सोबतीण ओकून भरवते. लाळेत रक्त गोठू न देणारं प्रथिन असतं, त्याचं नावच ड्रॅक्युलिन. (अवांतर : ही वटवाघळं फक्त मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंत. युरोपातली पिशाचं आधीची, वटवाघळांना नाव नंतर त्यांच्यावरून मिळालं. कथेत उलटं लिहू नका.)

'रक्तपेढी ठेवू यानावर' म्हणाल, तर नेहमीच्या पिशवीतलं रक्त २ ते ६ अंशांत ३५ दिवस टिकतं, पोषक द्रावण घातलेल्या लाल पेशी ४२ दिवस. ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली गोठवल्या तर दहा वर्षं, पण त्या वापरण्याआधी धुवाव्या लागतात. पिशवीतून पिणारा पिशाच तसाही भिकारी दिसतो.

आणि माणसं न मारता, रक्तदानाच्या बेताने घ्यायचं म्हटलं तर ३५० मिली दर ९० दिवसांनी. नऊ जणांचं मिळून दिवसाला ३५ मिली. त्यात दोन वटवाघळंसुद्धा पोटभर जेवणार नाहीत.

खर्डेघाश्या

@प्लेटलेट, कथा सतराव्या दिवशीच मेली की! मग रक्त हे अन्न नसून औषध आहे असं केलं तर? अंगात न बनणारं एखादं द्रव्य माणसाच्या रक्तातून घ्यावं लागतं, बाकी तो आपल्यासारखा वरणभात खातो?

प्लेटलेट

चालेल, पण ती वाट वापरलेली आहे. पीटर वॉट्सच्या 'ब्लाइंडसाइट'मध्ये (२००६) व्हॅम्पायर ही नामशेष झालेली शिकारी मानवजात आहे. एक प्रथिन त्यांच्या अंगात बनत नाही म्हणून त्यांना माणूस लागतो. क्रूसाचं कारण तर फारच सुंदर : दृष्टीच्या यंत्रणेतला दोष, काटकोन दिसला की झटका येतो. काटकोन निसर्गात विरळा, माणसांनी घरं बांधली आणि हे संपले. शिवाय तुमच्या 'औषध' वाटेत एक कथेची अडचण आहे. जो वरणभात खातो तो टिकून राहायला माणसं का मारेल? निकडच जाते.

त्यापेक्षा पेटीकडे बघा. मातीची पेटी म्हणजे काय? शीतनिद्रा. अस्वलं हिवाळ्यात चयापचय पाव भागावर आणतात. जमिनीतल्या खारी त्याहून खूप खाली, दोन-पाच टक्क्यांवर. तुमचा प्राणी तीन टक्क्यांवर ठेवा. दिवसाला ६० किलोकॅलरी, म्हणजे ८० मिली रक्त. २६० दिवसांत २१ लिटरच्या आत. नऊ जणांत वाटून माणशी रोज नऊ मिली. नियमित रक्तदात्याचा दर रोजचा चार मिलीच्या आत पडतो, त्याच्या दुपटीहून जास्त. यात साडेचार मिलिग्रॅम लोह रोज जातं आणि जेवणातून येतं एक-दोन. कोणी पटकन मरत नाही, पण सगळे हळूहळू पांढरे पडतात.

आता गंमत बघा. यानाच्या डॉक्टरला हे कळणारच नाही. अवकाशात लाल पेशी एरवीपेक्षा निम्म्याने जास्त फुटतात : जमिनीवर सेकंदाला वीस लाख, तिथे तीस लाख. सुरुवातीला प्लाझ्माही कमी होतो. त्यामुळे 'अवकाशातला रक्तक्षय' हे निदान तयारच आहे. ल्यूसीचं रक्त तपासून डॉ. सीवर्डला काही सापडत नाही, तोच प्रसंग आयता मिळाला.

पेटी, थंडगार अंग, दिवसाची झोप, शेकडो वर्षांचं आयुष्य हे चारही नियम शीतनिद्रेतून निघतात. लपणंसुद्धा. जागा माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. नऊ जणांच्या यानात दहावा जागा असेल तर हवा शुद्ध करणारं यंत्र पहिल्याच दिवशी ओरडेल. तीन टक्क्यांवर झोपलेला तीस ग्रॅम सोडेल, तो आकड्यांच्या चढउतारात बुडून जातो.

पण फुकट काही नको. खारींची हिवाळ्यातली बरीचशी ऊर्जा मधूनमधून जागं होण्यातच खर्च होते. अंग थंडावरून गरम करणं महाग पडतं. म्हणून तो जितक्या वेळा उठेल तितक्या वेळा एकदम भरपूर प्यावं लागेल, आणि एखादा माणूस जाईल. तो का उठतो हे तुम्ही ठरवा. म्हणजे माणसं कधी नाहीशी व्हायची याचं वेळापत्रक तुमच्या सोयीने नाही, त्याच्या शरीराने ठरेल.

जुनं कपाट

प्लेटलेट यांचा हिशेब मान्य, फक्त एक इशारा. शीतनिद्राही वॉट्सकडे आहे. तिथे शिकार पुन्हा वाढावी म्हणून व्हॅम्पायर झोपतात. कल्पना कोणाच्या मालकीची नसते, त्यामुळे झोप घ्या. काटकोन मात्र घेऊ नका. यानात सगळीकडे काटकोनच असतात, मोह होईल.

हक्कांचं थोडक्यात : स्टोकर १९१२ मध्ये गेला, त्याची पात्रं, नावं, वाक्यं आता मोकळी आहेत. मॅथेसन २०१३ मध्ये वारला. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं धरतात, म्हणजे २०७३ अखेर. त्याची पद्धत घ्या, मजकूर नाही. नोस्फेरातूवाल्यांनी परवानगी न घेता नावं बदलून ड्रॅक्युला केला आणि स्टोकरची विधवा खटला जिंकली. सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला होता. काही वाचल्या म्हणून आज उन्हाचा नियम सगळ्यांना पाठ आहे.

पोर्फिरिया हा आजार (यात रक्तातलं लाल द्रव्य नीट बनत नाही, काहींची कातडी उन्हाने भाजते) कारण म्हणून घालू नका. १९८० च्या दशकात ती कल्पना गाजली, पण त्या रुग्णांना रक्ताची तहान लागत नाही आणि प्यायलेल्या रक्ताचा त्यांना उपयोगही नाही. खऱ्या आजाऱ्यांना उगाच पिशाच ठरवल्यासारखं होतं.

शिंशपेखाली

नावाबद्दल. 'वेताळ' लिहायचा विचार असेल तर सोडून द्या. गोंधळ रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने घातला. १८७० मध्ये वेताळ पंचविशीतल्या अकरा गोष्टी इंग्रजीत नेताना त्याने शीर्षकात वेताळाचा व्हॅम्पायर केला. कथासरित्सागरातला वेताळ रक्तावर जगत नाही. प्रेतात शिरतो, शिंशपेच्या झाडाला लटकतो आणि कोडी घालतो. कोकणात तर तो गावाचा राखणदार. आरवलीच्या वेतोबाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण रात्री गावाला फेरी घालून त्याच्या चपला झिजतात. त्याला रक्तपिपासू केलंत तर सिंधुदुर्गातला वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल, आणि बरोबरच करेल.

हडळ, मुंजा, खवीस, समंध, झोटिंग यांचंही तेच. प्रत्येकाची जागा, झाड, मरणाची तऱ्हा ठरलेली आहे. मुंजा पिंपळ सोडून यानात कशाला येईल?

पण यानावरची माणसं त्याला काहीतरी म्हणतीलच. नऊ माणसं आहेत ना? तर तो 'दहावा'. हवेच्या नोंदीत, पाण्याच्या नोंदीत कुणीतरी आधी थट्टेने म्हणेल, 'दहाव्याने पाणी प्यायलं'. मराठी वाचकाला दहावा म्हटल्यावर काय आठवतं ते वेगळं सांगायला नको. कावळा शिवायला तिथे कावळाही नाही. या शब्दाचा खुलासा मात्र कथेत कुठेही करू नका.

कात्री

'दहावा' बेस्ट! मी घाटाबद्दल लिहिते.

डिमीटरचं प्रकरण चालतं ते आडून दिसण्यामुळे. वर्तमानपत्राच्या कात्रणात नोंदवही, ती रशियन वकिलातीतल्या कारकुनाने तोंडी भाषांतर केलेली, बातमीदाराने उतरवलेली. काउंट असा दिसतो फार तर दोनदा-तीनदा, उंच सडपातळ माणूस म्हणून. तेव्हा १२,००० पैकी पहिल्या ५,००० शब्दांत तो दिसू नये. आकडे दिसावेत.

प्लेटलेट यांनी लघवीचा हिशेब दिलाय तो सोडू नका, कथेचा खिळा तिथेच आहे. उठला की तो भरपूर पितो, मग युरिया, मग तहान. यानात पाणी फिरवून वापरतात. अवकाश स्थानकावर ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलंय. तेव्हा पाण्याचा मेळ दीड-दोन लिटरने चुकणं हे घरात वाटीभर तूप कमी होण्यासारखं नाही, बोंब होते. प्रत्येक माणूस नाहीसा होण्याआधी पाण्याची नोंद चुकलेली दाखवा. पहिल्यांदा गळती समजून पाइप तपासतील. दुसऱ्यांदा मापकावर संशय. तिसऱ्यांदा वाचक पात्रांच्या पुढे असेल, आणि तेच हवंय.

नोंदी लहान ठेवा, ४० ते १५० शब्द. कप्तानाला पल्लेदार वाक्यं देऊ नका. मंगळाजवळ पोचेपर्यंत पृथ्वीला निरोप जायला कित्येक मिनिटं लागतात, ग्रहांच्या जागेनुसार एका दिशेला तीनपासून बावीसपर्यंत. उत्तर यायला त्याच्या दुप्पट. म्हणून संवाद मरतो आणि नोंदवही आपोआप खरी वाटते. या उशिराचा वापर करा : प्रश्न एका नोंदीत, उत्तर येतं तेव्हा विचारणारा नाहीसा झालेला.

आरसा, लसूण, क्रूस तिन्ही गाळा. ऊन ठेवायचं तर सांभाळून. यानातल्या दिव्यांत अतिनील किरण नसतात, त्यामुळे उजेडात तो आरामात फिरेल. खिडकीतल्या उन्हाला मात्र वातावरणाची चाळण नाही. एवढं एका नोंदीत पुरे.

खर्डेघाश्या

सगळ्यांचे आभार. 'दहावा' घेतला, पाणी घेतलं, आरसा-लसूण गाळले. उरला शेवट. सुकाणूला बांधलेल्या कप्तानाच्या जागी काय? यानाला सुकाणू नाही.

जुनं कपाट

मूळ कप्तान कर्तव्याला जागतो, जहाज बंदराला लावतो, आणि नेमक्या त्यानेच काउंट इंग्लंडात पोचतो. मॅथेसनसारखं हे उलटवा. मंगळाजवळ वेग कमी करायला इंजिन ठरल्या वेळी चालवावं लागतं. तुमच्या कप्तानाने ते चालवायचंच नाही असं ठरवलं, तर यान मंगळाला मागे टाकून सूर्याभोवती फिरत राहील. सुकाणूला बांधून घेण्याऐवजी तो आदेश खोडून कळफलकापाशी बसून राहतो.

प्लेटलेट

शेवट आवडला, पण हिशेब अर्धाच झालाय. त्या कक्षेची एक फेरी साधारण सतरा महिन्यांची. फेरी संपून यान पृथ्वीच्या कक्षेशी येतं तेव्हा पृथ्वी तिथे नसेल. पुढच्या फेऱ्यांत कधीतरी जवळ असू शकते. प्यायला कोणी नाही, तेव्हा तीन टक्क्यांवर किती दिवस तग धरेल हे त्याच्या अंगावरच्या चरबीवर अवलंबून. दहा किलो चरबी म्हणजे ७७,००० किलोकॅलरी, रोजच्या ६० ने भागा : साडेतीन वर्षं. एकदाही न उठता. शेवटची नोंद लिहिताना कप्तानाला हा भागाकार येतो की नाही, ते आधी ठरवा.